मागचा धागा सैल हवा

दिवाळीचा आकाशकंदील उतरला आणि पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागला, की आपल्या भागात ट्रंकेच्या तळाशी गेलेल्या विणकामाच्या सुया वर येतात. लोकरीच्या दुकानात बायकांची वर्दळ वाढते. कुणाला नातवासाठी टोपडे करायचे असते, कुणाला लेकीसाठी कार्डिगन, कुणाला यजमानांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर. एकरंगी विणकामात आपल्याकडच्या कितीतरी जणींचा हात असा बसलेला आहे, की टीव्हीवरची मालिका बघता बघता पाठ विणून पुरी होते. पण दुकानात तांबडा, पांढरा, निळा असे गुंडे शेजारी शेजारी मांडलेले दिसले की मोह होतो आणि यंदा दोन रंगांची नक्षी घालायचीच, असे ठरते. गाडी अडते ती इथे. एकरंगी भाग कसा मऊ आणि सपाट असतो, आणि नक्षीचा पट्टा आला की तिथे चुण्या. कुठे टाका फुगलेला, कुठे बुडालेला, कुठे पांढऱ्यातून तांबडा डोकावणारा.

मग "माझा हातच चांगला नाही" असा निकाल लावून सुया परत ट्रंकेत जातात. मैत्रिणींनो, आजचे माझे सारे सांगणे या एका वाक्याविरुद्ध आहे. बहुतेक वेळा दोष टाक्यांत नसतोच. टाके सरळ असतात, हातही चांगला असतो. दोष असतो तो पाठीमागे, विणताना आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला. रंगीत विणकामाची सफाई दिसते पुढे, पण ठरते मागे.

हे असे का होते?

एकरंगी विणकामात धागा एका टाक्यातून सरळ शेजारच्या टाक्यात जातो. दोन रंगांत तसे नसते. समजा, तीन पांढरे आणि दोन तांबडे टाके अशी नक्षी आहे. पांढरे तीन टाके विणून होईपर्यंत तांबडा धागा रिकामा असतो. तो त्या तीन टाक्यांच्या मागून आडवा जातो आणि त्याची पाळी आली की पुन्हा पुढे येतो. आपण तो उचलतो आणि टाका घट्ट बसावा म्हणून नकळत ओढतो. ओढला की मागचा आडवा धागा आखूड पडतो. तीन टाक्यांच्या रुंदीपेक्षा धागा आखूड झाला, तर ते तीन टाके एकमेकांजवळ येणारच आणि कापडाला चुण्या पडणारच.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. स्वेटर अंगात घालताना ताणला जातो, कारण त्यातला प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक वळसा असतो. वळसा ओढला की लांबतो, सोडला की पूर्ववत होतो. मागचा आडवा धागा मात्र सरळ असतो. त्याला वळसाच नाही, तर तो लांबणार कुठून? म्हणून रंगीत पट्टा एकरंगी भागापेक्षा मुळातच कमी ताणला जातो. त्यात तो धागा घट्ट राहिला, तर पुढचे टाके कितीही सुबक असोत, कापड आकसते ते आकसतेच.

कन्नडमध्ये इथे एक गमतीचा शब्द आहे. 'एळे' म्हणजे धाग्याचा पदर, आणि 'एळे' म्हणजेच ओढ! आपल्या हातालाही बहुधा तसेच वाटते; धागा बोटात आला की तो ओढायचाच. दोन रंगांच्या विणकामात मोडायची असते ती एवढी एकच सवय.

ओळखीच्या एका घरातले उदाहरण सांगते. सासूबाई धारवाडकडच्या, सून बेळगावची. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा सारख्याच चालतात. सासूबाईंनी चाळीस वर्षे सगळ्या घराला एकरंगी स्वेटर पुरवले. दोन वर्षांपूर्वी चार वर्षांच्या नातवासाठी त्यांनी पहिल्यांदाच बाह्यांवर दोन रंगांची नक्षी घातली. जवळजवळ दीड महिना बसून केलेले काम. घालायच्या दिवशी पोराचा हात कोपरापाशी अडकला. पुढे जाईना, मागे येईना. पोर रडायला लागले. घरातले कुणीतरी सहज बोलून गेले, "जाऊ दे, रेडिमेड आणू." आजींनी तो स्वेटर जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि म्हणाल्या, "नन्न कै होतु." माझा हात गेला. त्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा सुई धरली नाही.

सुनेला विणकाम फारसे येत नव्हते. पण तिने एक दिवस ती बाही उलटी करून पाहिली. आतले आडवे धागे तंबोऱ्याच्या तारांसारखे ताणलेले होते. पुढचे टाके मात्र एकाला एक लावून ठेवल्यासारखे! म्हणजे हात गेलेला नव्हता. फक्त एक गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. दोघींनी मिळून दोन्ही बाह्या उसवल्या, लोकर धुऊन वाळवली आणि एक नंबर जाड सुयांवर पुन्हा विणायला घेतल्या. सून शेजारी बसून दर चार टाक्यांनी आठवण करून द्यायची, "अत्ती, बिगी हिडिब्याड्री, सडिल बिड्री." घट्ट धरू नका, सैल सोडा. या वेळी हात गेला तो थेट मनगटापर्यंत, बाहीबाहेर. नातू थोडा मोठा झाला होता, तरीही.

शेटलंडच्या बायकांचा नियम

एका ओळीत दोन रंग चालवण्याची ही पद्धत जगात प्रसिद्ध झाली ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांमुळे. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्यामध्ये फेअर आयल नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याच्याच नावाने ही नक्षी ओळखली जाते. १९२२ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर असा स्वेटर घालून आले आणि बेटावरच्या बायकांच्या या कामाची एकदम फॅशनच झाली.

त्या स्वेटरकडे बघितले तर वाटते, केवढे रंग आहेत हे! पण नीट पाहा. पूर्ण कपड्यात सात-आठ रंग असले, तरी कुठल्याही एका ओळीत दोनच असतात. रंग बदलतात ते ओळी बदलताना. आणि नक्षी अशी बेतलेली असते, की एका रंगाचे फार टाके सलग येत नाहीत. साधारण पाच ते सात टाके, की लगेच दुसरा रंग. म्हणजे मागचा आडवा धागा लांबच होऊ द्यायचा नाही. सफाई तिथे बोटांत येण्याआधी नक्षीतच घातलेली असते. आपण मात्र पुष्कळदा क्रॉस स्टिचच्या पुस्तकातला एखादा गुलाब उचलतो, त्यात पंधरा-पंधरा टाके एकाच रंगाचे असतात, आणि मग मागे धाग्यांचा झोपाळा होतो.

आपल्या देशातही ही विद्या आहे. हिमाचलातल्या लाहौलचे रंगीत नक्षीचे मोजे आणि हातमोजे प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांकडून तिथल्या बायका विणकाम शिकल्या आणि नक्षी त्यांनी आपली केली. २०२१ साली या मोज्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता प्रत्यक्ष हातात सुई घेऊ

पहिली गोष्ट लोकरीची. दोन्ही रंग एकाच जाडीचे आणि शक्यतो एकाच जातीचे घ्या. एक चार पदरी आणि दुसरा तीन पदरी असेल, तर कितीही काळजी घेतली तरी एक रंग दुसऱ्यात बुडतो. शेटलंडच्या मेंढीची लोकर केसाळ असते, टाके एकमेकांना धरून राहतात आणि लहानसहान उणे झाकले जाते. आपण बहुधा अॅक्रिलिक वापरतो. ते गुळगुळीत असते, त्यामुळे प्रत्येक सैल-घट्ट टाका उघडा पडतो. म्हणजे आपले काम शेटलंडच्या बाईपेक्षा थोडे अवघडच आहे, हे लक्षात ठेवा आणि स्वतःला बोल लावू नका. गडद तांबडा, काळा, जांभळा हे रंग पांढऱ्याबरोबर घेणार असाल, तर हातभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला, तर तो धागा पांढऱ्याजवळ नेऊ नका.

दुसरी गोष्ट नमुन्याची. "नमुन्यात कोण वेळ घालवतो?" असे बहुतेक जणी म्हणतात. पण हिशेब बघा. साध्या विणीत तुमचे चार इंचांत २२ टाके बसतात. त्याच सुईवर रंगीत नक्षी केली आणि ती आकसून चार इंचांत २४ टाके झाले. फरक दोनच टाक्यांचा. आता छातीचा घेर १७६ टाक्यांचा असेल, तर साध्या विणीत तो ३२ इंच होतो आणि रंगीत विणीत २९ इंचांच्या थोडा वर. अडीच इंचांहून जास्त कपडा दोन टाक्यांनी खाल्ला! म्हणून नमुना विणायचा तो नक्षीचाच, निदान पाच-सहा इंच रुंद, आणि मोजायचे ते मधले चार इंच. आकसत असेल तर सुई जाड घ्या. आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हे विसरू नका. साधा भाग १० नंबरवर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरवर असेल, तर नक्षी ९ नंबरवर, म्हणजे पावणेचार मिलिमीटरवर करून बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. रंग बदलायच्या आधी, उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके बोटाने हलकेच पसरा. एकमेकांना चिकटून बसलेले टाके पूर्ण कापडात जितकी जागा घेतील तितकी जागा त्यांना आधीच द्या. मग नवा धागा उचला आणि पहिला टाका विणा. एवढे केले की मागचा धागा आपोआप हवा तेवढा लांब राहतो. तो ओढायचा नाही आणि लोंबूही द्यायचा नाही. टाक्यांच्या मागे तो पडून राहिला पाहिजे. ओळ संपली की काम उलटे करून एकदा बघा. आडवा धागा सरळ पण आरामात दिसला, तर ओळ जमली.

चौथी गोष्ट वरच्या आणि खालच्या धाग्याची. मागे दोन धागे चालतात तेव्हा एक दुसऱ्याच्या वरून जातो आणि एक खालून. जो खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे होतात आणि पुढून तो रंग उठून दिसतो. म्हणून फुलाचा रंग कायम खालून आणि जमिनीचा रंग कायम वरून, असे सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाळा. मधेच अदलाबदल झाली, तर फूल एका ओळीत ठसठशीत आणि दुसऱ्या ओळीत फिके दिसते, आणि कारण काही केल्या सापडत नाही. यात आणखी एक फायदा आहे. एक गुंडा उजवीकडे आणि एक डावीकडे ठेवला आणि हा नियम पाळला, की धागे एकमेकांत गुरफटत नाहीत.

पाचवी गोष्ट लांब धाग्यांची. पाच टाक्यांपर्यंत आडवा धागा मोकळा चालतो. सहा-सात किंवा जास्त टाके असतील, तर मधल्या टाक्यापाशी तो विणायच्या धाग्याला एकदा अडकवून घ्या आणि पुढे जा. मात्र लागोपाठच्या ओळींत अडकवण्याची जागा एकावर एक येऊ देऊ नका. एक-दोन टाके पुढे-मागे करा, नाहीतर पुढून तिथे खळी पडते किंवा मागचा रंग डोकावतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यात तर दर दोन-तीन टाक्यांनी धागा अडकवावा. बाळाची बोटे इवलीशी असतात आणि आतल्या मोकळ्या धाग्यात ती सहज अडकतात. बाळाला सांगता येत नाही आणि आपल्याला बाहेरून दिसत नाही. इथे प्रश्न दिसण्याचा नसतो, जपणुकीचा असतो.

सहावी गोष्ट उलट्या ओळींची. शेटलंडच्या बायका स्वेटर गोल विणतात, त्यामुळे नक्षी कायम सुलट बाजूने डोळ्यांसमोर राहते. आपण पाठ आणि पुढा वेगवेगळे विणतो, म्हणजे निम्म्या ओळी उलट. पुष्कळ जणींच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल होतात आणि कापडावर आडव्या रेघा उमटतात. तुमचे तसे होत असेल, तर उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई वापरा. टोप्या आणि मोजे तर चार सुयांवर किंवा गोल सुईवरच करावेत.

टाके मोजताना चूक होऊ नये म्हणून एक युक्ती सांगते. ती फक्त आपल्यासारख्या घरांतच चालेल! पांढरे टाके मराठीत मोजा आणि तांबडे कन्नडमध्ये. "एक, दोन, तीन, ओंदु, एरडु." भाषा बदलली की रंग बदलायचा. मधेच दारावर कुणी आले, बोलण्यात वेळ गेला, तरी परत आल्यावर कुठल्या रंगावर होतो ते ओठांवर असते. आमच्या कॉलेजच्या मुलींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याच टोप्या सरळ आल्या.

मोठी चित्रे आणि सुटी टोके

लहान मुलांच्या स्वेटरवर बदक, होडी, आगगाडी अशी मोठी चित्रे असतात. त्यांना ही पद्धत वापरू नका. तिथे धागा मागून नेण्याऐवजी प्रत्येक रंगाचा लहान वेगळा गुंडा घ्यावा. रंगांच्या सीमेवर मात्र जुना धागा आणि नवा धागा यांची एकमेकांभोवती एकदा अढी घालायला विसरू नका, नाहीतर तिथे भोक पडते. बदकाचा डोळा किंवा चोच यांसारख्या दोन-चार टाक्यांसाठी वेगळा धागा लावण्यापेक्षा, विणून झाल्यावर त्या टाक्यांच्या वळणावरून सुईदोऱ्याने तसाच टाका भरावा. पुढून कळतही नाही.

टोकांच्या बाबतीत आपण आपल्या घरातल्याच एका कलेकडे बघावे. धारवाडकडची कसुती तुमच्यापैकी अनेकींच्या इरकल साडीवर असेल. कसुतीत गाठ मारायची नाही, असा नियमच आहे. आणि गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. साडी उलटी झाली तरी बाईची फजिती होत नाही! विणकामात मागची बाजू पुढच्यासारखी होणार नाही, पण गाठीचा नियम घेण्यासारखा आहे. नवा रंग घेताना सहा इंच टोक सोडा. शेवटी ते त्याच रंगाच्या टाक्यांच्या मागून आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला ओवून घ्या. गाठ मारली तर ती पुढे टेंगूळ म्हणून दिसते, अंगाला टोचते, आणि एखाद्या धुण्यात सुटली तर टाका ओघळतो.

धुण्याची वेळ

विणून झालेला रंगीत कपडा पहिल्या धुण्याआधी कधीच पूर्ण सुंदर दिसत नाही. तेव्हा सुया काढल्या काढल्या निराश होऊ नका. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून भिजवा, पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, म्हणजे पाणी निघेल. मग सतरंजीवर कोरडी चादर घालून, टेपने मापे घेऊन, हवा त्या आकारात सपाट पसरा आणि सावलीत वाळू द्या. दोरीवर टाकू नका. शेटलंडमध्ये स्वेटर वाळवायला लाकडी चौकट असते. ओला स्वेटर तिच्यावर माणसाला घालावा तसा चढवतात. शुद्ध लोकर अशा वाळवण्याने छान बसते आणि लहानमोठे टाके एकमेकांना सांभाळून घेतात. अॅक्रिलिक तेवढे ऐकत नाही. म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवण्याचा मोह मात्र टाळा. कापड लुळे पडते ते कायमचे.

एखादाच टाका फुगलेला राहिला, तर सुईच्या टोकाने त्याचा जादा धागा शेजारच्या टाक्यांत थोडा थोडा वाटून द्या. पण मागचे धागेच सगळे आखूड असतील, तर ते धुऊन सुटत नाहीत, ओढून सुटत नाहीत. तेवढा भाग उसवावा हेच बरे. उसवण्यात कमीपणा नाही. लोकर आपलीच असते, आणि काय बदलायचे ते आता आपल्याला कळलेले असते.

सुरुवात मात्र स्वेटरपासून करू नका. दोन रंगांची एक टोपी करा. तीन-चार संध्याकाळचे काम. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश, आणि आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. विणकामात दोन्ही अर्थ सारखेच खरे आहेत. आणि घरात एखाद्या आजींनी, काकूंनी किंवा अक्कांनी आकसला म्हणून ट्रंकेत ठेवून दिलेला रंगीत स्वेटर असेल, तर या रविवारी तो बाहेर काढा आणि उलटा करून पाहा. मागचे धागे घट्ट दिसले, तर त्यांना जाऊन सांगा, की तुमचा हात चांगलाच आहे, फक्त मागचा धागा सैल हवा होता.